कामकाजपत्रिकेवरचा एक साधा दिवस

(सोलापूर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



लोकसभेचा कोणता दिवस आठवतो, असे सोलापूरकराला विचारले तर तो बहुधा 13 फेब्रुवारी 2014 हा दिवस सांगेल. सोलापूरचे तत्कालीन खासदार आणि केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे त्या दिवशी आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक मांडावयास उभे राहिले आणि एका सदस्याने भर सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला. डोळे चोळीत बाहेर पडणारे खासदार साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. तो दिवस लक्षात राहिला यात नवल नाही. परंतु संसदेचे जे दिवस कोणाच्याच लक्षात राहात नाहीत, ज्यांची वृत्तपत्रांत चार ओळींचीही बातमी होत नाही, त्याच दिवसांनी सोलापूरच्या घराघरांत अधिक उलथापालथ केलेली आहे. आजचा विषय आहे तो असा एखादा साधा दिवस.

सकाळी अकरा वाजता अध्यक्ष आसनस्थ होतात आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तत्पूर्वीची तयारी मोठी असते. सदस्याला आपल्या प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी पाचापेक्षा अधिक सूचना देता येत नाहीत. आलेल्या सूचनांतून सोडत काढली जाते आणि वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न त्या दिवसाच्या यादीत येतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यावयाचे आणि त्यावर उपप्रश्नही झेलावयाचे. अतारांकिताचे उत्तर लेखी. वीसांपैकी चार-सहा प्रश्नच प्रत्यक्षात तोंडी होतात, कारण घड्याळात बारा वाजलेले असतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात.

या लेखी उत्तराला कोणी किंमत देत नाही. वस्तुतः खरी किंमत त्यालाच आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासंबंधी, उजनीच्या पाण्यासंबंधी किंवा यंत्रमागधारकांच्या अनुदानासंबंधी एक प्रश्न दिल्लीत स्वीकारला गेला की, मंत्रालयातील अवर सचिव राज्य शासनाला विचारतो, राज्य शासन जिल्हाधिकाऱ्यांना विचारते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडलेली फाईल टेबलावर येते. उत्तराखाली मंत्र्याचे नाव असते. ते चुकीचे निघाले तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा ठपका त्याच्यावर येतो. ज्या कार्यालयात सामान्य नागरिकाच्या अर्जाला पोचही मिळत नाही, तेथून पंधरा दिवसांत माहिती काढून घेण्याची ताकद या छापील कागदात आहे.

मात्र हे शस्त्र चालविणाऱ्यांनी ते कसे वापरले, हेही सांगितले पाहिजे. 30 नोव्हेंबर 2009 रोजी लोकसभेत एकामागून एक नावे पुकारली गेली आणि प्रश्न विचारणारे सदस्यच जागेवर नव्हते. मंत्री उत्तरे घेऊन बसलेले, पण विचारणारा कोणी नाही, म्हणून तास संपण्यापूर्वीच तो आटोपता घ्यावा लागला. त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट डिसेंबर 2005 मधली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत सहा जण भारतीय जनता पक्षाचे होते आणि त्यांपैकी दोघे आपल्या खानदेशातले, हे लपविण्याचे काहीच कारण नाही. प्रश्नाला बाजारात भाव मिळत होता, याचाच दुसरा अर्थ असा की, त्याची ताकद विकत घेणाऱ्याला नीट ठाऊक होती. मतदाराला ती ठाऊक नव्हती.

बारा वाजता कागदपत्रे पटलावर ठेवण्याचा कार्यक्रम होतो. मंत्र्यांची नावे पुकारली जातात, एकेक जण उठून अर्ध्या वाक्यात अहवाल ठेवल्याचे सांगतो आणि खाली बसतो. प्रेक्षागृहात आलेल्या शाळकरी मुलांना हा भाग सर्वाधिक कंटाळवाणा वाटत असेल. पण महालेखापरीक्षकांचे अहवाल याच वेळी येतात आणि दिलेल्या आश्वासनांचे काय झाले, याचे तक्तेही याच वेळी येतात. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘या बाबीचा विचार केला जाईल’ अशी मंत्र्यांची वाक्ये ऐकून आपण हसतो. संसद हसत नाही. अशा वाक्यांची एक यादीच तिने करून ठेवली आहे. त्यांपैकी एखादे वाक्य मंत्र्याच्या तोंडून बाहेर पडले की, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि तीन महिन्यांत पूर्तता करण्याचे बंधन येते. यावर लक्ष ठेवणारी शासकीय आश्वासन समिती 1953 च्या डिसेंबरात स्थापन झाली. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्याचे आणि अहमदाबादेत नावारूपास आलेले. तीन महिन्यांची मुदत क्वचितच पाळली जाते आणि मुदतवाढीची पत्रे ढिगाने येतात हे खरे. पण नोंद राहते, आणि ती पुसता येत नाही.

त्यानंतर शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात या नावाचा प्रहर नाही. तो प्रथेने रूढ झाला. तातडीचे विषय येथे दोन-तीन मिनिटांत मांडावयाचे असतात. नियम 377 खालील निवेदने ही त्याची शांत भावंडे. गावाकडे चित्रफीत पाठविण्यास शून्य प्रहर सोयीचा, म्हणून अलीकडे त्याला गर्दी अधिक. 377 खालील निवेदनाला मंत्र्याचे लेखी उत्तर येते, पण त्याची चित्रफीत सहसा कोणी पाहात नाही!

भोजनोत्तर दुपारी विधेयके येतात. सभागृह रिकामे होते. 543 सदस्यांच्या सभागृहात 55 जण हजर असले म्हणजे गणपूर्ती झाली. तेवढेही नसले आणि कोणी ते निदर्शनास आणले नाही, तर काम चालूच राहते. 19 सप्टेंबर 2023 पासून लोकसभा नव्या भव्य वास्तूत भरते. तेथे 888 आसनांची सोय आहे, त्यामुळे दुपारचे रिकामेपण अधिकच डोळ्यांत भरते.

अशाच रिकाम्या वेळेतून जाणाऱ्या विधेयकांच्या जातीचे एक विधेयक एप्रिल 2017 मध्ये संसदेने संमत केले. नाव होते करविषयक कायदे सुधारणा विधेयक. वस्तू व सेवा कर 1 जुलैपासून लागू व्हावयाचा होता. ‘एक देश, एक कर’ यासाठी जुने अनेक उपकर रद्द करणे क्रमप्राप्त होते, आणि ते योग्यही होते. त्या लांबलचक यादीत दोन नोंदी अशा होत्या की, त्या वाचून सोलापूर जिल्ह्याने कान टवकारावयास हवे होते. एक, 1976 चा विडी कामगार कल्याण उपकर. दुसरी, 1982 चा साखर उपकर.

विडी वळणाऱ्या हजारो महिलांच्या या शहराला उपकर म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. हजार विड्यांमागे ठरावीक रक्कम कारखानदाराकडून घ्यावयाची आणि ती स्वतंत्र कल्याण निधीत जमा करावयाची, अशी ती व्यवस्था होती. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी अर्थसाहाय्य हे सारे या निधीतून होई. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिलाही केंद्राच्या अनुदानाचा हातभार होता. ती चळवळ डाव्या विचारांची होती म्हणून तिच्या कामाचे महत्त्व कमी होत नाही. साखरेचेही तसेच. उपकरातून साखर विकास निधी भरे आणि त्यातून आधुनिकीकरणासाठी, ऊसविकासासाठी कारखान्यांना स्वस्त कर्जे मिळत. ज्या जिल्ह्यात माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत कारखान्यांची धुराडी दिसतात, तेथे हा विषय परका नव्हे.

उपकर गेला म्हणजे योजना गेल्या, असे नव्हे. परंतु पैशाचा मार्ग बदलला. पूर्वी विडी विकली की निधी आपोआप भरत असे. आता तोच खर्च दरवर्षी अर्थसंकल्पात मागावा लागतो. मालकीच्या विहिरीतून पाणी काढणे वेगळे आणि रोज टँकरची वाट पाहणे वेगळे. दुष्काळाच्या या मुलखात हा फरक अधिक काय सांगावा? म्हणजेच जो विषय 1976 मध्ये कायद्याने कायमचा मिटला होता, तो आता प्रत्येक वर्षी श्रम मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर लक्ष ठेवण्याचा विषय झाला.

आणि या मागण्यांचे काय होते? चार-दोन मंत्रालयांवर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी सायंकाळी उरलेल्या सर्व मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला गिलोटीन म्हणतात. 2018 आणि 2023 या वर्षी तर गोंधळापायी एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा झाली नाही. देशाचा संपूर्ण खर्च मंजूर झाला. गोंधळ विरोधकांनी घातला की सत्ताधाऱ्यांनी, हा वाद दूरचित्रवाणीवर रंगला. विडी कामगाराच्या मुलीच्या शिष्यवृत्तीची रक्कम किती, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. 1993 मध्ये विभागवार स्थायी समित्या निर्माण झाल्या, म्हणून निदान बंद दाराआड तरी हे आकडे तपासले जातात. त्या समित्या अस्तित्वात आल्या तेव्हा शेजारच्या लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष होते.

सप्टेंबर 2020 चे पावसाळी अधिवेशन याहून बोलके आहे. महामारीमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. केवळ लेखी उत्तरे होती. त्याच अधिवेशनात तीन श्रमसंहिता संमत झाल्या आणि 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा त्यांपैकी एकीत विलीन करण्यात आला. विरोधी बाकांवरील बहुतेक जण बहिष्कार टाकून बाहेर होते. कामगाराची बाजू आत मांडावयाची सोडून बाहेर बसणे हा कसला विरोध? दुसरीकडे भारतीय मजदूर संघाने सरकार जवळचे की दूरचे हे न पाहता, या संहितांतील काही तरतुदींवर उघडपणे आक्षेप नोंदविले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या संहिता लागू झाल्या. आता त्यांखालील नियम तयार होतील, पटलावर ठेवले जातील, आणि तो कार्यक्रम पुन्हा बारा वाजताचा, अर्ध्या वाक्याचा असेल.

हे सारे किती कोरडे आहे! पण याच कोरड्या आयुधांतून काही माणसांनी केवढे काम उभे केले. 1977 आणि 1980 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी आमदार असल्यापासून आपल्या कामाचा लेखी अहवाल दरवर्षी मतदारांपुढे ठेवीत. निवडून दिलेल्याने निवडून देणाऱ्याला हिशेब द्यावयाचा, ही त्यांची साधी समजूत. राम नाईक यांनी तोच परिपाठ पुढे चालविला. राष्ट्रगीत आणि वंदे मातरम् यांचा विषय त्यांनी घोषणा देत नव्हे, तर संसदेच्या नियमांनी दिलेल्या मार्गाने लावून धरला आणि 1992 च्या हिवाळी अधिवेशनापासून संसदेत जन गण मन व वंदे मातरम् यांचे सूर उमटू लागले. विचाराने दुसऱ्या टोकाचे मधू लिमये नियमांचे पुस्तक हाती घेऊन उभे राहिले की, मंत्रीगण सावध होऊन बसत. या तिघांपैकी कोणालाही सभागृहाच्या हौद्यात उतरण्याची गरज भासली नाही.

सोलापूर जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागला गेला आहे. सोलापूर आणि माढा सर्वांना ठाऊक आहेत. बार्शी तालुका धाराशिवला जोडलेला आहे. म्हणजे जिल्ह्याचे तीन प्रतिनिधी दिल्लीत असतात आणि तिघांना मिळून एका दिवसासाठी पंधरा प्रश्नांच्या सूचना देता येतात. ते कोणत्या विषयांवर प्रश्न विचारतात, किती विचारतात, काय उत्तर मिळाले, हे संसदेच्या संकेतस्थळावर नाव आणि तारखेसह उपलब्ध आहे. येथील महाविद्यालयांत राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहेत, वाचनालये आहेत, ज्येष्ठांचे कट्टे आहेत. अधिवेशन संपल्यावर ती उत्तरे उतरवून घेऊन मराठीत फलकावर लावणे, हे एका रविवारचे काम आहे.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग घ्या. भवानीच्या भक्तांनी या मार्गाची किती वर्षे वाट पाहिली! 2017 पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प राहिला नाही, त्यामुळे रेल्वेमंत्र्यांच्या भाषणाकडे कान लावून बसण्याचा तो फेब्रुवारीतला दिवसही गेला. आता या मार्गासाठी वर्षाला किती रक्कम ठेवली, हे रेल्वेच्या गुलाबी पुस्तकात एका ओळीत छापलेले असते. भूसंपादन किती झाले, पूल किती बांधले, राज्याचा वाटा किती आला, हे अतारांकित प्रश्नाच्या उत्तरात मिळते. पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात ती ओळ आणि ते उत्तर शेजारी शेजारी ठेवून कोणीतरी वाचावे, आणि आकडे जुळले नाहीत तर तिन्ही खासदारांना त्याच आठवड्यात पत्र जावे. प्रश्नाची सूचना द्यावयास पंधरा दिवस लागतात, तेवढा अवधी हाताशी ठेवून.