नावांची वही कोणाच्या हाती?



आपल्या तालुक्याचे नाव केळापूर. पण तहसील कचेरी गाठावयाची तर पांढरकवड्यासच जावे लागते. नवखा माणूस नावावर भरवसा ठेवून केळापूर गावी उतरला, तर त्याला जगदंबेचे दर्शन घडेल. तहसीलदारांचे घडणार नाही. आपण चुकत नाही, कारण नावामागचा ठावठिकाणा आपल्या मनातल्या वहीत नोंदलेला असतो. संगणकाला असे मन नाही. त्याला वही लेखीच लागते. त्या वहीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. माणसाच्या ध्यानात मात्र अंक राहत नाहीत, नावे राहतात. प्रारंभी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सर्व नावांची एकच यादी ठेवीत आणि बाकीच्यांनी तिची नक्कल उतरून घ्यावयाची, असा परिपाठ होता. यंत्रे वाढली तशी ही व्यवस्था थकली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डीएनएस’ ही योजना मांडली. तिचे मर्म असे, की साऱ्या जगाची एक वही नको. ज्याने त्याने आपल्या वस्तीची वही राखावी. वरच्याने ती वही कोणापाशी आहे, एवढेच सांगावे. गावची नोंद तलाठ्याकडे आणि तलाठी कोण हे तहसिलीत ठाऊक, तसेच हे. पुढे बर्कली विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी या योजनेसाठी ‘बाइंड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो आजही विनामूल्य मिळतो आणि त्याची संपूर्ण संहिता कोणालाही वाचता येते.

आता एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. कार्यालयात विंडोजची यंत्रे, प्रयोगशाळेत जुन्या यंत्रांवर लिनक्स, कोपऱ्यात सर्वांचा मिळून एक प्रिंटर. आपल्या आठवडी बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा अशा बोली एकत्र नांदतात. भाषा निरनिराळ्या, पण दुकान कोठे आहे याविषयी दुमत नसते. यंत्रांचे मात्र तसे होत नाही. विंडोजच्या यंत्राला प्रवेशाची परवानगी देणारा सर्व्हर कोणता, हे ते डीएनएसलाच विचारते. ती विचारणा बाहेरच्या कंपनीकडे गेली, तर ‘असे नाव नाही’ हेच उत्तर मिळणार. लिनक्सच्या यंत्रांत कोणी हाताने नावे लिहून ठेवलेली असतात. एकाच घरात दोन सत्ये झाली!

उपाय कठीण नाही. एका साध्या यंत्रावर लिनक्स घालून बाइंड बसवावा. परवानगीचे काम ‘सांबा’ हा दुसरा मुक्त प्रोग्रॅम करतो. २०१२ साली निघालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो विंडोजच्या डोमेनचा कारभार पाहू शकतो आणि नावांची उत्तरे बाइंडकरवी देऊ शकतो. घरातील सर्व यंत्रांनी यालाच विचारावे; बाहेरची नावे हाच शोधून देईल.

पथ्ये मात्र पाळावीत. नाव मनाचे घेऊ नये. संस्थेने नोंदविलेल्या डोमेनचीच एक शाखा घरासाठी ठेवावी. सर्व्हर बंद पडेल या भीतीने यंत्रांत दुसरा पत्ता बाहेरच्या कंपनीचा लिहू नये. तो घरची नावे जाणत नाही. त्याऐवजी घरातच दुसरा सर्व्हर ठेवावा. हाताने लिहिलेल्या वहीत दुरुस्ती केली, की तिचा अनुक्रमांक वाढवावा. नाहीतर दुय्यम सर्व्हर जुनी नक्कलच खरी मानतो. घड्याळे जुळती असावीत, कारण पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले की सहसा परवानगी नाकारली जाते. आणि घराबाहेरच्या कोणाही सोम्यागोम्यासाठी या सर्व्हरने नावे शोधत बसू नये. तसे केल्यास त्याच्या आडून तिसऱ्याच्याच दारावर उत्तरांचा भडिमार करता येतो.

हे सारे तंत्राचे झाले. खरा प्रश्न वहीच्या मालकीचा आहे. आमच्या पाहण्यातील एका संस्थेत सगळी मांडणी एकाच गृहस्थाच्या डोक्यात होती. ते नोकरी सोडून गेले आणि किल्लीशब्दही त्यांच्याबरोबर गेला. यंत्रे धडधाकट, वीज चालू. पण कोणते यंत्र कोठे आहे हे कोणास सांगता येईना. ऐन परीक्षेच्या दिवसांत काम खोळंबले. दोष त्या गृहस्थांचा नव्हे. वही लिहून न घेणाऱ्यांचा होता, आणि त्यांत आम्हीही होतो.

मुक्त प्रोग्रॅमला पैसे पडत नाहीत, श्रम पडतात. ते श्रम दोन शिक्षकांनी आणि चार विद्यार्थ्यांनी मिळून करावेत. कोणती नोंद का केली हे साध्या मराठीत लिहून ती प्रत कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. मग माणसे बदलली तरी संस्था आंधळी होणार नाही. नाव केळापूर असो की पांढरकवडा, वाट सांगणारा आपल्या घरचा असला, म्हणजे झाले.