३२ किलोबाइटांचा संसार



१९८४-८५ च्या सुमारास केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत एक फिकट पिवळसर यंत्र दाखल झाले. काळ्या कळांच्या वर तांबड्या कळांची एक रांग. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा हा बीबीसी मायक्रो. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी संगणक प्रथम पाहिला तो याच रूपात.

त्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ अक्षरांपुरती. भ्रमणध्वनीवरचे एक बरे छायाचित्रही तीत मावणार नाही. पण खरी ओढाताण होई ती वाटणीत. पडदा आणि प्रोग्रॅम एकाच कोठारातून जेवत. निव्वळ मजकुराचा मोड ७ अवघ्या १ किलोबाइटवर भागवी. आठ रंगांचा मोड २ मात्र २० किलोबाइट गिळून बसे. साडेतीन यंत्रणेचे स्वतःचे. फ्लॉपी जोडली की आणखी पावणेतीन गेले. विद्यार्थ्याच्या हाती उरत पावणेसहा.

मराठी माणसाला ही टंचाई अधिक जाचावी असे एक कारण होते. नवी अक्षरे घडविण्याची सोय यंत्रात होती. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. त्यातली एक ओळ शिरोरेषेला गेली की वेलांटी आणि उकार यांनी कुठे दाटीवाटी करायची? शिवाय ही अक्षरे मोड ७ मध्ये उमटतच नसत. चित्रांचा मोड घ्यावा, तर स्मृती गेली. पहिल्या ३२ अक्षरांची जागा राखलेली असे. पुढच्या प्रत्येक ३२ अक्षरांसाठी २५६ बाइट मोजावे लागत. आपल्या वर्णमालेला ३२ घरे कशी पुरणार? रोमन लिपीला हे भाडे कधी पडले नाही.

यावर इंग्लंडमध्ये निघालेला उपाय मोठा कल्पक होता. एरीज बी-२० या पट्टीवर २० किलोबाइटांची ‘शॅडो’ स्मृती असे. मुख्य प्रोसेसर खोबणीतून उपसायचा, तेथे पट्टी बसवायची आणि प्रोसेसर पट्टीवर चढवायचा. ६५०२ हा प्रोसेसर ६५,५३६ पत्त्यांपलीकडे पाहू शकत नाही, आणि त्यांतला अर्धा भाग रॉमने अडविलेला. म्हणून नवी स्मृती जुन्याच पत्त्यांवर राही. पडद्याचा मजकूर जुन्या स्मृतीत, प्रोग्रॅम सावलीत. यंत्रणा स्वतः पडद्यावर लिहू लागली की पट्टी तिला गुपचूप जुन्या घराकडे वळवी. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसे. मात्र जे खेळ यंत्रणेला डावलून थेट पडद्याच्या पत्त्यावर लिहीत, त्यांचे लिखाण सावलीत जाई आणि पडदा कोराच राही. अशा वेळी शॅडो बंद करणे, एवढाच इलाज.

काही शाळांच्या अडगळीत ही यंत्रे अजून असतील. त्यांत स्मृती वाढविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आजही हौशी मंडळी अशा पट्ट्या घडवितात. पण आधी वीजपुरवठ्याचा डबा पाहावा. त्यातील गाळणीचे कपॅसिटर जुने झाले की तडकतात, आणि यंत्र सुरू करताच खोली उग्र धुराने भरते. ते जाणकाराकडून बदलून घ्यावेत, मगच यंत्राला वीज द्यावी. प्रोसेसर उपसताना त्याच्या ४० पायांपैकी एकही वाकता कामा नये, आणि खाचेची दिशा चुकता कामा नये.

त्याहूनही आधीचे काम फ्लॉपींचे. चाळीस वर्षांपूर्वी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर आहेत आणि चुंबकीय थर झिजतो आहे. स्मृतीची पट्टी पुढच्या वर्षी बसविली तरी चालेल. बुरशी लागलेली तबकडी तशीच वाचकात सरकवू नये. आधी ती स्वच्छ करावी, मग वाचावी, आणि तिची प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी.