लाल किल्ला ते हातोदचे शेत

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



काही वर्षांपूर्वी मी शिवपुरीला गेलो होतो. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला असलेले हे गाव एकेकाळी शिंदे घराण्याची उन्हाळी राजधानी होते. परंतु मराठी माणूस तेथे जातो तो वेगळ्या ओढीने. येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी इंग्रजांनी याच गावी फासावर चढवले. त्या स्मारकापुढे नतमस्तक होऊन मी बाहेर आलो, तेव्हा सोबतच्या स्थानिक स्नेह्याने सहज विचारले, "हातोद पाहिलेत का? कर्नल साहेबांचे गाव." मी म्हटले, "कोण कर्नल?" तो थोडा चकित झाला. म्हणाला, "अहो, आझाद हिंद फौजेचे ढिल्लों!"

मी शरमलो. सहगल, ढिल्लों, शाहनवाज ही तीन नावे आपण एका दमात घेत आलो आहोत. परंतु लाल किल्ल्याच्या बाहेर पडल्यावर या तिघांचे पुढे काय झाले, हे मी पत्रकार असूनही कधी विचारले नव्हते. आपला इतिहास बहुधा जयजयकारापाशी थांबतो. जयजयकार संपल्यावर माणूस घरी जातो, त्याला पोट असते, संसार असतो. तिकडे आपले लक्ष नसते. म्हणून आज मी कर्नल गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्याविषयी, आणि विशेषतः त्यांनी हाती धरलेल्या नांगराविषयी बोलणार आहे.

शिपाई ते अधिकारी

गुरुबक्षसिंगांचा जन्म १८ मार्च १९१४ चा, तेव्हाच्या लाहोर जिल्ह्यातील अलगोन गावचा. १९३६ मध्ये ते सैन्यात दाखल झाले ते साधे शिपाई म्हणून. कर्तबगारीच्या बळावर त्यांची निवड डेहराडूनच्या सैनिकी अकादमीसाठी झाली आणि १९४० मध्ये ते १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये अधिकारी झाले. पुढे आझाद हिंद फौजेची पहिली उभारणी करणारे कॅप्टन मोहनसिंग आणि शाहनवाज खान हेही याच बटालियनचे. शिपायाच्या बराकीतून अधिकाऱ्यांच्या मेसपर्यंत पोहोचणे त्या काळी सोपे नव्हते. ज्याने ही वाट चालून काढली, त्याला त्या गणवेशाचे मोल किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी युद्धकैद्यांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. ज्या साम्राज्यासाठी हे सैनिक लढले, त्याने त्यांना एका सहीनिशी परक्याच्या हवाली केले होते. या प्रसंगानंतर प्रत्येकाला आपापला निर्णय घ्यावा लागला. काहींनी आपली शपथ मोडायची नाही असे ठरवले आणि यातना सोसल्या. त्यांच्या निष्ठेविषयीही आपण आदरानेच बोलले पाहिजे. ढिल्लों यांनी आझाद हिंद फौजेची वाट धरली. जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले, त्यांनी नेतृत्व स्वीकारले आणि फौजेत नवा प्राण संचारला.

इरावतीच्या तीरावर

ढिल्लों यांच्याकडे चौथ्या गनिमी रेजिमेंटचे, म्हणजे नेहरू रेजिमेंटचे, नेतृत्व आले तेव्हा युद्धाचे पारडे फिरले होते. इंफाळची मोहीम फसली होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात इरावती नदीच्या काठी, न्याउंगू आणि पगानच्या परिसरात, या रेजिमेंटने मोर्चे धरले. समोर ब्रिटिशांची सुसज्ज डिव्हिजन होती. यांच्यापाशी रणगाडे नव्हते, विमानांचे छत्र नव्हते. पोटभर अन्न आणि औषधे यांचीही वानवा होती. १४ फेब्रुवारीला शत्रूच्या पहिल्या होड्या नदी ओलांडू लागल्या, तेव्हा काठावरून झालेल्या माऱ्याने त्यांची मोठी हानी झाली. परंतु विषम बळाची ही झुंज किती काळ चालणार? नदी ओलांडली गेली. पोपा टेकडीकडे माघार घ्यावी लागली. अखेर मे १९४५ मध्ये पेगूजवळ ढिल्लों आणि शाहनवाज शत्रूच्या हाती सापडले.

येथे एक गोष्ट मी लपवू इच्छित नाही. पराभव समोर दिसू लागल्यावर फौजेतले काही लोक शत्रूला जाऊन मिळू लागले होते. अशा प्रयत्नात पकडलेल्या चौघांना मार्च १९४५ मध्ये पोपा येथे गोळ्या घातल्याचा आरोप ढिल्लों यांच्यावर ठेवला गेला. खटल्यात तो सिद्ध झाला नाही. खुनाच्या आरोपातून ते मुक्त झाले. पण हरत चाललेल्या सेनेचे नेतृत्व म्हणजे काय असते, याची कल्पना या प्रसंगावरून यावी. जिंकणाऱ्या सेनेला शिस्त लावणे अवघड नसते. हरणाऱ्या सेनेत उभे राहणे हीच सेनापतीची खरी कसोटी.

शिक्षा माफ, पण...

५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात सैनिकी न्यायालयापुढे खटला उभा राहिला. आरोपी तिघे: शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. या तिघांना एका पिंजऱ्यात उभे करून इंग्रजांनी नकळत सारा हिंदुस्थान एका पिंजऱ्यात उभा केला आणि देश खवळून उठला. भुलाभाई देसाई यांनी आजारी असतानाही बचावाची धुरा वाहिली. त्यांचा युक्तिवाद असा, की गुलाम राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध पुकारण्याचा अधिकार आहे, आणि त्या युद्धात लढणाऱ्यास राजद्रोही म्हणता येत नाही. ज्या राजाशी इमान राखायचे तो परका आणि जिच्याशी इमान राखायचे ती भूमी आपली, अशा वेळी शपथ कोणाची पाळावी, हा प्रश्न जगापुढे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला.

सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल न्यायालयाने तिघांनाही दोषी ठरवले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची, लष्करातून बडतर्फी आणि थकलेला पगार व भत्ते जप्त. ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेप माफ केली. तिघे सुटले. दिल्ली, लाहोर, जिकडे तिकडे मिरवणुका निघाल्या. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी उठाव केला, त्यांच्या मागण्यांतही आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका ही एक मागणी होती. जे राज्य सैनिकांच्या खांद्यावर उभे होते, त्याचा खांदाच निखळला.

परंतु बंधुभगिनींनो, त्या आदेशाचा उरलेला भाग आपण सहसा वाचत नाही. जन्मठेप माफ झाली; बडतर्फी मात्र कायम राहिली. पगाराची जप्तीही कायम राहिली. म्हणजे गळ्यात हार पडले तेव्हा हा एकतीस वर्षांचा अधिकारी नोकरी नसलेला, निवृत्तिवेतन नसलेला, लष्कराने नाव खोडलेला माणूस होता. त्यातच फाळणी आली आणि पंजाबच दुभंगला.

देश स्वतंत्र झाल्यावर तरी या सैनिकांना पुन्हा गणवेश मिळेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. आझाद हिंदच्या सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. सेनेतील एकजूट आणि शिस्त यांना बाधा येईल, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन बाजूंना एकाच रांगेत उभे करणे सोपे नव्हते, हे मान्य करूनही मला वाटते, की हा निर्णय त्या सैनिकांच्या काळजाला घरे पाडणारा होता. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाची योजना यायला १९७२ साल उजाडावे लागले. तोवर कितीतरी जणांच्या चिता विझून गेल्या होत्या.

तीन वाटा

यापुढे तिघांच्या तीन वाटा झाल्या. शाहनवाज खान राजकारणात गेले, लोकसभेत निवडून आले, केंद्रात मंत्री झाले. सहगल यांनी झाशी राणी रेजिमेंटच्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याशी विवाह केला आणि कानपूरला स्थायिक होऊन गिरणीत नोकरी धरली. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ होते. तेही केंद्रात उपमंत्री झाले आणि राष्ट्रीय शिस्त योजनेच्या द्वारे शाळकरी मुलांना कवायत शिकवण्यात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. यांतील कोणतीच वाट कमी प्रतीची नव्हे.

ढिल्लों यांनी शिवपुरीजवळच्या हातोद गावी शेती धरली. पंजाबातल्या जाट घराण्यातला हा माणूस. माती त्याला परकी नव्हती. पण पाच नद्यांच्या सपाट, सुपीक प्रदेशातली शेती वेगळी आणि शिवपुरीच्या पठारावरची वेगळी. चहूकडे झुडपी जंगल, शिंदे सरकारांच्या शिकारीचे जुने रान, खडकाळ जमीन, पाऊस लहरी. गहू, हरभरा पिकवायचा तर आधी दगड वेचावे लागतात. त्यातच चंबळच्या खोऱ्याच्या दरोडेखोरांची दहशत कित्येक दशके त्या मुलखावर होती. अशा ठिकाणी जाऊन राहणे, तेथला होणे आणि तेथेच देह ठेवणे, याला काय म्हणावे?

आपल्या परंपरेत याला नवल नाही. शिवकाळातला मावळा पावसाळ्यात शेत कसत असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत असे. तलवार आणि नांगर एकाच घराच्या एकाच कोपऱ्यात उभे असत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात आजही घरटी सैनिक आहे, आणि तो सुटीवर आला की बांधावर दिसतो. आमच्या लहानपणी गावात एक निवृत्त सुभेदार होते. १९७२ च्या दुष्काळात विहिरीवर पाण्यासाठी हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा ते सकाळी पाचला विहिरीवर उभे राहिले. हातात काठी नाही, तोंडात शिवी नाही. "रांग," एवढेच म्हणाले. शेवटच्या म्हातारीची घागर भरेपर्यंत त्यांनी स्वतःच्या घरची घागर पुढे केली नाही. पुढे आठ दिवसांत रांग आपोआप लागू लागली. सैनिक गावी परततो तेव्हा गावाला काय मिळते, ते मी त्या विहिरीवर पाहिले.

१९७७ च्या निवडणुकीत ढिल्लों जनता पक्षातर्फे गुणा मतदारसंघातून उभे राहिले. समोर होते माधवराव शिंदे. ढिल्लों हरले. आणीबाणीनंतर देशभर लाट असताना आलेला हा पराभव एखाद्याला कडवट करून गेला असता. ढिल्लों हातोदला परतले. इरावतीच्या काठी ज्याने पराभव पाहिला, त्याला मतपेटीतला पराभव तो काय हलवणार! शेतकऱ्याचेही तसेच आहे. एक हंगाम गेला म्हणून कोणी शेत टाकून देत नाही.

१९९८ मध्ये त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक 'फ्रॉम माय बोन्स' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी शासनाने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. शाहनवाज आधीच गेले होते, सहगल १९९२ मध्ये गेले होते. लाल किल्ल्यातल्या तिघांपैकी एकटे उरलेले ढिल्लों ६ फेब्रुवारी २००६ रोजी शिवपुरीतच निवर्तले. खटल्यावर बेतलेला 'रागदेश' हा चित्रपट २०१७ मध्ये आला. पाहण्याजोगा आहे, मुलांना जरूर दाखवा. पण तो पाहून झाल्यावर मुलांना हातोदची गोष्टही सांगा.

आपल्यापुढचा प्रश्न

ती का सांगायची? समोर बसलेल्यांत अनेक कार्यकर्ते आहेत. कार्यकर्त्याच्या आयुष्यातही असा क्षण येतो. ज्यासाठी झटलो ते साध्य होते, आणि त्या यशाच्या मांडवात आपल्याला जागा नसते. आमंत्रणाच्या यादीत नाव नसते. त्या दिवशी माणसाची पारख होते. काही जण रुसून बसतात, काही जण जुन्या त्यागाची हुंडी घेऊन दारोदार फिरतात. ढिल्लों यांच्याजवळ तर फार मोठी हुंडी होती. तिच्यावर खुद्द लाल किल्ल्याची मोहोर होती. ती आयुष्यभर वटवत बसण्यापेक्षा त्यांनी कष्टाचे शेत पत्करले.

याचा अर्थ समाजाने कृतघ्न राहावे असा मात्र नव्हे. ज्याने मागितले नाही, त्याला देणे हे आपले कर्तव्य अधिकच ठरते. तुमच्या गावात सैन्यातून परतलेला कोणी शेती करत असेल. त्याच्या बांधाचा वाद कचेरीत अडकला असेल, विहिरीच्या वीजजोडणीसाठी तो खेटे घालत असेल. १५ ऑगस्टला त्याला शाल देण्याआधी त्याच्याबरोबर एकदा कचेरीत जाऊन या. शालीपेक्षा त्याला ते अधिक आवडेल.

तात्या टोपे यांच्या स्मारकापासून हातोद फार लांब नाही. एकाने त्या मातीत प्राण दिला, दुसऱ्याने त्याच मातीत घाम गाळला. देशासाठी मरण्याचे भाग्य थोड्यांना लाभते. देशासाठी जगण्याचे, रोज उठून कामाला लागण्याचे भाग्य मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. शिवपुरीला गेलात तर दोन्हीकडे जाऊन या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!