पगारातले दोनशे रुपये



येथे जमलेल्या मंडळींत पगारदार माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक कपात असते. बहुतेकांना महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यघटनेने या करावर घातलेली मर्यादाच तेवढी आहे. हा कर कशासाठी, असे आम्ही ओळखीच्या मंडळींना विचारून पाहिले. कोणी म्हणाले, नगरपालिकेचा असेल. कोणी म्हणाले, वकील-डॉक्टरांचा असावा, आपल्याला चुकून लागला! व्यापारी मंडळींनी दुकानाच्या घरपट्टीचे बिल काढून पाहावे. त्यात तर 'रोजगार हमी कर' असे स्पष्ट छापलेले असते.

या करांची जन्मकथा १९७२ च्या दुष्काळात आहे. सभेतील पिकल्या केसांच्या मंडळींना तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी आठवत असेल. पाऊस गेला, विहिरी आटल्या, आणि कालपर्यंत स्वतःच्या बांधावर उभा राहणारा शेतकरी बायको-मुलांसह खडी फोडायला बसला. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आकडा ऐकताना सहज वाटतो. पण इतक्यांची हजेरी मांडायची, इतक्यांना मजुरी चुकती करायची, हे काम केवढे असेल!

दुष्काळी कामे काही नवी नव्हती. इंग्रजांच्या अमलातही ती निघत. पण तेथे मेख अशी होती की, दुष्काळ पडला की नाही हे सरकारने ठरवायचे. चूल विझली तरी जाहीरनामा निघेपर्यंत काम नाही. ही मेख काढण्याचे श्रेय वि. स. पागे यांच्याकडे जाते. विधान परिषदेचे सभापती असताना, १९६५ साली, त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला आपल्या कल्पनेचा प्रयोग करविला. कल्पना सांगायला एका ओळीची: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते मिळालेच पाहिजे. मजुराने मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. तो भत्ता दिवसाला रुपयाच होता आणि तोही क्वचितच कोणाच्या हाती पडला, हे सांगायला हवे. परंतु टंचाई जाहीर करण्याचा अधिकार निम्मा का होईना मजुराच्या हाती आला. याचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

आता पैशाची गोष्ट. आमच्या मते सर्वांत शहाणपण येथेच आहे. दुष्काळाच्या वर्षी सरकारची गरज वाढते आणि उत्पन्न घटते. अशा वेळी अंदाजपत्रकातील कोणत्या रकमेला पहिली कात्री लागते? ज्यांच्या वतीने बोलणारा कोणी सचिवालयात जात नाही, त्यांच्या. म्हणून हा पैसा वेगळा ठेवायचे ठरले. १९७५ साली व्यवसाय कर आला. सिंचित जमीन, मोटारी, विक्रीकर, शहरातील दुकाने-कचेऱ्या यांच्यावर जादा पट्टी बसली. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, आणि सगळे रोजगार हमी निधीत जमा करायचे. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, त्याने ज्याला उद्याची शाश्वती नाही त्याच्यासाठी थोडे द्यायचे, असा हा हिशेब. त्याला दानधर्म म्हणणे आम्हांला मान्य नाही. खेड्यात काम मिळाले नाही तर माणूस शहराची वाट धरतो, आणि मग त्याच्या झोपडीवर आपणच नाके मुरडतो.

योजनेत दोष थोडे नव्हते. खोट्या हजेऱ्या लागल्या, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, अर्धे रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले. पाझर तलावाचे पाणी बहुधा ज्याची जमीन त्याच्याच विहिरीला लागले. तलाव खणणारीला मिळाली ती मजुरी. शिवाय ज्याला घमेले उचलवत नाही अशा म्हाताऱ्याला या हमीचा काय उपयोग? त्याच्यासाठी १९८० साली निराधारांची वेगळी योजना काढावी लागली. तरीही एक गोष्ट विसरू नये. या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, आणि खणलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी ठरत असल्यामुळे पुरुषाला एक दर आणि बाईला दुसरा, हा शेतावरचा रिवाज येथे चालला नाही. सासुरवाडीतील कित्येक जणींच्या हाती स्वतःच्या नावाचा पैसा आला तो या हजेरीपटावरूनच.

पुढे २००५ साली याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा झाला. घरटी वर्षाला शंभर दिवसांपर्यंतची मजुरी दिल्लीच्या तिजोरीतून येऊ लागली, आणि राज्यावरचा मोठा भार उतरला. त्याआधीही करातून गोळा झालेला पैसा आणि कामांवर खर्च झालेला पैसा यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार अभ्यासकांनी वारंवार केली होती. निधीतली शिल्लक कागदावर राहिली, आणि तालुक्याच्या कचेरीत मात्र 'कामे मंजूर नाहीत' हेच उत्तर मिळत राहिले. आपले दोनशे रुपये दर महिन्याला कापले जातातच. ते पूर्वी ज्या निधीच्या नावाने घेतले गेले, त्याचा हिशेब आपण शहरवासीयांनी आजवर कधी मागितलेला नाही.