सातबाऱ्याच्या मागचे कागद

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आजचा विषयही शेळ्यांपासूनच सुरू होतो, पण जातो फार लांब.

आमच्या गटातल्या एका काकींना शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं. बँकेत सातबारा मागितला. काकींनी उतारा काढून आणला आणि आमच्या हातात दिला. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या मालकांचं नव्हतं, सासऱ्यांचंही नव्हतं. होतं ते एकट्या चुलत सासऱ्यांचं, आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलांचं. काकी म्हणाल्या, "अगं, पण लग्न होऊन आल्यापासून मी तिथंच खुरपतेय." आम्ही पण तेच म्हणालो. पण खुरपण्याची नोंद सातबाऱ्यावर नसते.

जमीन आहे ओढ्याकाठची, महार वतनातली. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं. आम्ही सहा जणींनी ठरवलं, या नावाच्या मागे काय आहे ते शोधायचं. गटाच्या बैठकीचा दिवस सोडून दर मंगळवारी तालुक्याला जायचो.

सुरुवात कुठून करायची ते आधी सांगतो. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ कंसात किंवा गोलात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. हे नाव इथे कुठल्या नोंदीने आलं, ते तो आकडा सांगतो. त्या फेरफाराची नक्कल काढायची, त्यात आणखी जुना आकडा सापडतो, मग त्याची नक्कल. जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसं मागे मागे जायचं.

आम्ही तिसऱ्याच पायरीवर अडकलो. जुन्या फेरफारात हा जमिनीचा नंबरच नव्हता! दोन मंगळवार असेच गेले. मग भूमी अभिलेख कार्यालयातल्या एका बाईंनी समजावलं, की १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र करायची योजना आली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला, ते एकत्रीकरणाच्या जबाबात मिळतं. ती नक्कल मागा. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन दिवसांची मजुरी वाचली असती, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

हे सर्व्हे नंबर इंग्रजांच्या मोजणीतले. १८३६ साली गोल्डस्मिड साहेबाने इंदापूर तालुक्यापासून ही पद्धत सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन शेत मोजायचे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. आजही आपण गुंठा म्हणतो तो हाच. प्रत्येक शेताला नंबर आणि आकार ठरला. ज्या जमिनी इनाम किंवा वतन म्हणून दिलेल्या होत्या, त्यांची नोंद वेगळी. त्यांना दुमाला जमिनी म्हणत. गावच्या दप्तरात आजही गाव नमुना तीन हा दुमाला जमिनींचाच आहे.

इनामांचे वर्ग होते. देवस्थानाचं इनाम वर्ग तीनचं. आमची जमीन वर्ग सहा ब, म्हणजे सरकारच्या उपयोगी चाकरीसाठी दिलेली. इनाम म्हटलं की बक्षीस वाटतं, नाही? आमच्या आजेसासवांना विचारा, काय बक्षीस होतं ते. एवढ्याशा तुकड्यावर आख्ख्या घराने रात्री-अपरात्री राबायचं. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, कोणी मेलं की सांगावा घेऊन जायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणूनच. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, अंमल १९५९ च्या ऑगस्टपासून. तोवर बाबासाहेब गेले होते. त्या कायद्याने वतनाच्या जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि मग किंमत भरून वतनदारांना परत दिल्या, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, या अटीवर. वर्ग दोन आला तो तिथून.

आता काकींच्या जमिनीकडे येतो. परत दिल्याचा फेरफार सापडला. त्यात चुलत सासऱ्यांचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, 'ए. कु. मॅ.' आम्ही एकमेकींकडे बघितलं. अर्थ कळला तो तलाठी भाऊसाहेबांकडून: एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या घराची, कागदावर नाव कर्त्या पुरुषाचं. काकींचे सासरे तेव्हा मुंबईला गिरणीत होते. गावात जो होता त्याने पैसे भरले, त्याचं नाव लागलं. त्यात लबाडी होती असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढे ते वारल्यावर वारस म्हणून फक्त त्यांचीच मुलं लागली, आणि ती तीन अक्षरं कोणी वाचली नाहीत.

एकत्र कुटुंब होतं हे दाखवायला त्याहून जुना कागद हवा होता. वतनाच्या जुन्या नोंदीची नक्कल मिळाली, ती मोडीत. एका निवृत्त गुरुजींना मोडी येते, त्यांच्या ओसरीवर बसलो. गुरुजी बोट ठेवून वाचत होते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. वतनाच्या तीन तक्षिमा होत्या, म्हणजे तीन वाटे. दोन पुरुषांची नावं झाली आणि तिसऱ्या तक्षिमेला गुरुजी थांबले. म्हणाले, "ही बाई आहे." नाव वाचलं आणि काकींनी तोंडाला पदर लावला. ती त्यांची आजेसासू. नवरा लवकर गेला, मुलगा पदरात, म्हणून तक्षीम तिच्या नावावर चढलेली.

हे कसं घडलं, तेही गुरुजींनी सांगितलं. १८८६ च्या दुरुस्तीने वतनाच्या वारसाहक्कात बायकांना पुरुषांच्या मागे ढकललं होतं. घरात लांबचा का होईना, पुरुष वारस असला तर मुलीचा नंबर नंतर. फक्त शेवटच्या वतनदाराच्या विधवेला त्यातून वगळलं होतं. म्हणून ही आजेसासू कागदावर राहिली. तिच्या नणंदांची नावं मात्र कुठेच नाहीत. काकींना त्या नणंदा होत्या एवढंच ऐकून माहीत, कुठे दिल्या होत्या तेही कोणाला आठवत नाही.

आम्ही अर्ज केला. ए. कु. मॅ. शेरा कमी करून सगळ्या वारसांची नावं लावावीत. सोबत वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या नकला. काकींच्या दोन नणंदांची नावंही वंशावळीत घातली. यावरून काकी आणि आमच्यात थोडं वाजलं, हे लपवत नाही. काकी म्हणाल्या, "आधीच जमीन कमी, त्यात नणंदा कशाला?" त्यांचंही खोटं नव्हतं, एकरभराचा तर प्रश्न. आम्ही एवढंच म्हणालो, त्या ओसरीवर कागद वाचताना तुम्ही का रडलात ते आठवा. आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी नणंदांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स घेऊन आल्या.

चुलत दिरांनी हरकत घेतली आहे, त्यामुळे नोंद तक्रारीत गेली. मंडळ अधिकाऱ्यांपुढे दोन तारखा झाल्या. दुसऱ्या तारखेला थोरल्या दिरांनी आजेसासूच्या नावाची नक्कल बराच वेळ हातात धरली आणि काही न बोलता परत दिली. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या फेरफारात ती तीन अक्षरं असतील तर नक्कल घेऊन गटाच्या बैठकीला या. एजंटाला पैसे देऊ नका, नकलेची फी फार नसते. आणि येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पणजीचं नाव लिहून आणा. आमच्यातल्या चौघींना ते माहीत नव्हतं.