द्रावकाची घुसळण



युनियनच्या माणसाने अणुकचऱ्यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण या विद्येचा पहिला धडा आम्हांला पिंपरीतच मिळाला, तोही वर्गात नव्हे, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर. येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलीन निघू लागले. बुरशीच्या रसात ते फार थोडे असते. जगभरची रीत अशी, की रस गाळून, गार करून आंबट करायचा आणि त्यात ब्युटिल ॲसिटेटसारखे द्रावक घुसळायचे. पेनिसिलीन पाणी सोडून द्रावकात शिरते. पुढे आंबटपणा मोडलेले पाणी दिले, की पुन्हा पाण्यात उतरते.

ट्रॉम्बेला 1964 साली सुरू झालेल्या कारखान्यात हीच युक्ती योजली. अणुभट्टीतले वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि त्यात, रॉकेलच्या जातीच्या तेलात मिसळलेले ट्रायब्युटिल फॉस्फेट घुसळायचे. युरेनियम व प्लुटोनियम तेलात जातात. सीझियम, स्ट्रॉन्शियम आम्लात मागे राहतात. हे सारे जाड भिंतीआड चालते.

यात काही नष्ट होत नाही, फक्त निवडले जाते. मग निवडायचे कशाला? सीझियम-137 तीस वर्षांत निम्मे होते, अमेरिसियम-241 ला 432 वर्षे लागतात. दोन्ही एकत्र ठेवली, तर सगळ्याच ढिगावर दीर्घायुषी सोबत्याइतका पहारा. उरलेले आम्ल आटवून काचेत गोठवतात. अलीकडे भाभा केंद्राने मुकुटाच्या आकाराचे रेणू असलेल्या द्रावकाने त्यातले सीझियम वेगळे काढून त्याच्या काचकांड्या केल्या. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरण सोडण्यासाठी त्या वापरतात.

मात्र द्रावकही झिजते, हे फारसे कोणी सांगत नाही. किरणांनी ट्रायब्युटिल फॉस्फेट तुटते, तुकडे धातूंना तेलातच धरून ठेवतात. सोड्याच्या पाण्याने ते धुवावे लागते आणि शेवटी तेलच कचरा होते. पंप बिघडला, नळी गळली, तर तेथे माणूस जातो. म्हणून त्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. वर्षाला 30 मिलिसीव्हर्ट, सलग पाच वर्षांत 100, याहून अधिक त्याला लागू नये असा आपल्याकडे नियम आहे.

आमच्या पट्ट्यात बिल्ला नाही, साधे द्रावकच आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात जुने पिंप धुताना कंत्राटी पोरगा चक्कर येऊन पडला. आत काय होते, असे डॉक्टरांनी विचारले. सुपरवायझर म्हणाले, “जुना माल.” पिंपांवर नावे लिहून घ्यायला आम्हांला तीन बैठका लागल्या.