ऑपरेशननंतर कुत्रीची रात्र कशी काढायची?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज आमच्या वस्तीवरच्या बचत गटाच्या वतीनं आम्ही बोलतो आहोत. माइकसमोर एकजण आहे, पण सांगणं सगळ्यांचं आहे. विषय ऐकून काहीजणी हसतील. हसा, पण ऐका.

गाई-म्हशींवर, शेळ्यांवर, कोंबड्यांवर आपल्या केंद्रावरून पुष्कळ बोलणं झालंय. कुत्र्यावर कुणी बोलत नाही. ते दूध देत नाही, अंडी देत नाही, म्हणून त्याचा हिशोबच कुठं लिहिला जात नाही. पण आमच्यासारखं उसाच्या कडेला घर असलेल्या बाईला विचारा. रात्री कुत्रं भुंकलं तर आपण दाराची कडी तपासतो. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात, आणि तो पहिल्यांदा उचलतो ते कुत्रंच. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय काय खातो ते तपासलं होतं, तेव्हाही सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता.

तर आमच्या गटातल्या चार घरांनी आपापल्या कुत्र्यांची पिल्लं न होण्याची ऑपरेशनं करून घेतली. कारण सांगायला नको. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, साधारण ६३ दिवसांत विते, आणि पाच-सहा पिल्लं घेऊन कुणाच्या दारात जायचं? नर पिल्लं कुणीतरी नेतं. माद्या पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून येतात. ते आम्हाला बघवत नव्हतं.

ऑपरेशन डॉक्टर करतात, अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. पुढच्या दहा-बारा रात्री मात्र आपल्याच असतात. त्याचंच आज बोलायचंय. कुत्री वर्षाच्या आतली असली तर अंगात नुसता वारा भरलेला असतो, तिला एका जागी निजवणं म्हणजे सोपं काम नाही. सगळ्यात लहान होती चिंगी, नऊ महिन्यांची. तिच्यावरूनच सांगतो.

पहिल्या रात्रीचं वेगळं सांगायला हवं. भूल उतरताना कुत्री दारू प्यायल्यासारखी करते. मान डुलते, मागचे पाय लटपटतात, डोळे उघडे असतात पण ओळख पटत नाही. आणि रडते. असं रडते की शेजारी विचारायला येतात. दर वेळी ते दुखण्याचंच रडणं असतं असं नाही. आपण कुठं आहोत हेच तिला कळत नसतं. अशा वेळी तिला उचलून मांडीवर घेऊ नका, चारजणी भोवती गोळा होऊ नका. एकीनं जवळ बसावं, हळू आवाजात नाव घ्यावं, मंद दिवा ठेवावा. भुलीत असलेलं जनावर आपल्या माणसालाही चावू शकतं, म्हणून तोंडाजवळ तोंड नेऊ नका आणि पोरांना त्या रात्री लांबच ठेवा.

भुलीनं अंग गार पडतं. आम्ही ऑपरेशनं केली पौषात, कांदा लागवडीच्या दिवसांत, म्हणजे थंडी कडाक्याची. जमिनीवर पोतं, त्यावर गोधडी, वर जुनं लुगडं. तोंड उघडं ठेवायचं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाठीशी ठेवली तर चालते, पण नुसती गरम बाटली अंगाला लावायची नाही, कारण गुंगीत तिला भाजलेलं कळत नाही. आमच्या एका आजीनं बाळंतिणीसारखी शेगडी ठेवायला काढली होती. बंद खोलीत कोळशाची शेगडी माणसालाही घातक, ती नकोच. बाजेवर किंवा ओट्यावर निजवू नका, तोल जाऊन पडेल. नीट मान धरून बसायला लागली की घोट-दोन घोट पाणी. खाणं डॉक्टर सांगतील तेव्हा आणि थोडंसंच, नाहीतर उलटी होते.

त्या रात्री दोन-तीनदा उठून तिच्या हिरड्या बघा. ओठ वर उचलला की हिरडी गुलाबी दिसली पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पांढरट दिसली, पोट फुगत चाललं, टाक्यांतून रक्त ठिबकत राहिलं, किंवा रात्र सरत आली तरी जाग येत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून दवाखान्यातून निघतानाच विचारून ठेवा, रात्री अडलं तर फोन कुणाला करायचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट फोनचा नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. पण रात्रीच्या डॉक्टरांचा नंबर वेगळा घ्याच.

दुसऱ्या रात्रीपासून खरी कसोटी. भूल उतरलेली असते, टाके ओढत असतात, आणि दिवसभर निजून काढल्यामुळे रात्री कुत्री टक्क जागी. इथं घराघरांत भांडणं होतात. घरातले म्हणतात, "रडू दे, लाड केलेस तर सवय लागेल." आमचं मत सरळ आहे. पहिल्या चार रात्री शिस्त लावायच्या नाहीत. रडली की उठायचं, बघायचं. दरडावायचं नाही, मारायचं तर नाहीच, कारण घाबरली की ती उसळते आणि उसळली की टाक्यांवर ताण येतो.

रडण्या-रडण्यात फरक असतो आणि तो दोन रात्रींत आपल्या कानाला कळायला लागतो. निजलेली अचानक उठून कुंकू करते, दाराकडे बघते, गोल फिरते, ते लघवीचं. पोट आवळून, पाठ वाकवून उभी राहते, आडवीच होत नाही, धापा टाकते, ते दुखण्याचं. आणि आपला आवाज ऐकला की गप्प, आपण वळलो की पुन्हा सुरू, ते एकटेपणाचं. एकटेपणाला औषध सोपं आहे, अंथरूण तिच्या शेजारी टाका. चिंगीच्या घरची आमची मैत्रीण ओसरीवरून माजघरात आली, आपली गोधडी तिच्या पोत्याला लावली आणि हात फक्त तिच्या पाठीवर ठेवला. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून ते अंथरूण रोज हातभर लांब सरकवत नेलं. असं सरकवत नेलं की कुत्रीला कळतही नाही.

दुखण्याचं मात्र सोसू द्यायचं नाही. डॉक्टर दुखण्याची गोळी देतात. ती दिवसातून एकदाच द्यायची असेल तर संध्याकाळच्या खाण्याबरोबर दिली तर चालेल का, हे त्यांना विचारून घ्या, म्हणजे रात्रभर तिचा गुण राहतो. आपल्या कमरेच्या, डोकेदुखीच्या गोळ्या घरात पडलेल्या असतात, त्यातली अर्धी मोडून घालायचा मोह होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. अर्धीसुद्धा नाही, पावही नाही.

आता चाटण्याचं. कुत्रं जखम चाटतं म्हणजे बरं करतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. चाटून चाटून टाके निघतात आणि जखम चिघळते, आणि हे सगळं आपला डोळा लागल्यावरच होतं. दवाखान्यात प्लास्टिकचं नरसाळं मिळतं गळ्यात घालायचं. ते नाकाच्या टोकापेक्षा चार बोटं पुढं आलं पाहिजे, आखूड असलं तर उपयोग नाही. अंधारात ते चौकटीला धडकतं, त्याचा आवाज होतो, कुत्री बिचकते. म्हणून ऑपरेशनच्या आधी तीन-चार दिवस ते दिवसा थोडा थोडा वेळ घालून, भाकरीचा तुकडा देत सवय करायची. कडेला जुन्या साडीचा काठ शिवला की गळ्याला काचत नाही. नरसाळं अजिबातच चालत नसेल तर पोराचा जुना सुती बनियन घाला. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, आणि मागचा घोळ पाठीवर गाठ मारून घ्यायचा. लघवीला नेताना गाठ सोडायची, ओला झाला की लगेच बदलायचा. दोन बनियन हाताशी असू द्या. पण कुत्री कापडावरूनही चाटत बसली, तर नरसाळंच घालावं लागतं.

टाक्यांवर हळद, राख, चुना, तंबाखू, तेल, काही लावायचं नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच. आंघोळ नाही. सकाळ-संध्याकाळ उजेडात बघायचं, सूज वाढते का, पू येतो का, वास येतो का. दिवसा माश्या बसू द्यायच्या नाहीत, किडे पडायला वेळ लागत नाही.

रात्र नीट जायची असेल तर संध्याकाळपासून बघावं लागतं. दिवे लागायच्या सुमाराला जेवण. नेहमीपेक्षा थोडं कमी, बिनतिखटाचं, बिनकांद्याचं. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, आणि आपल्या कालवणात तर तोच असतो, म्हणून भाकरी कालवणात कुस्करून देऊ नका. भात, उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं बिनमसाल्याचं मटण चालतं. मग तिचं डोकं दमवायचं. पळता तर येत नाही, मग भाकरीचे बारके तुकडे एका जुन्या फडक्याच्या घड्यांत लपवायचे आणि तिला बसल्या बसल्या हुंगून काढू द्यायचे. नरसाळं तेवढ्यापुरतं काढायचं आणि आपण समोर बसायचं. चिंगी वीस मिनिटं त्यात रमायची आणि नंतर जांभया द्यायची. निजायच्या आधी आखूड दोरीनं लघवीला न्यायचं. उसाच्या पट्ट्यात ह्याला एकटीनं जाऊ नका. दोघी जा, बॅटरी लावा, घराच्या उजेडातच फिरवून आणा. आणि कितीही अंगवळणी असलं तरी त्या दिवसांत तिला बाहेर बांधू नका. टाके घातलेल्या कुत्रीला पळून जीव वाचवता येत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगतो. आमच्याकडे शेतीची लाइट अर्ध्या रात्री येते. माणसं काठी-बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतात आणि कुत्रं रोज पुढं असतं. चिंगीला बॅटरीचं बटण वाजलेलं झोपेतही कळायचं. शेजारच्या वस्तीवर एका कुत्रीचे टाके पाचव्या रात्री ह्याच पायी तुटले. मालक निघाला, हिनं उंबऱ्यावरून उडी घेतली आणि पोटातलं आतडं बाहेर आलं. त्यांनी ते आत ढकललं नाही हे फार शहाणपणाचं केलं. स्वच्छ फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून वर धरलं, चादरीत सैल गुंडाळलं आणि तडक डॉक्टर गाठले. कुत्री वाचली. पण अशी वेळ येऊच नये म्हणून आम्ही घरातल्या माणसांना सांगून ठेवलं, काठी-बॅटरी संध्याकाळीच गोठ्यात नेऊन ठेवा, मागच्या दारानं जा, शीळ घालू नका. चिंगीच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. शेजारच्या कुत्रीची गोष्ट ऐकल्यावर दुसऱ्या दिवसापासून ते चपलासुद्धा हातात घेऊन जायला लागले.

आणि एक, जे बोलायला बायका कचरतात. ही जागरणं करायची कुणी? आजारी माणसाच्या उशाशी बाई, बाळाच्या उशाशी बाई, आता कुत्रीच्या उशाशीही बाईच. पहाटे उठून डबा करायचा आणि सातला कांदा लावायला वाकायचं. तीन रात्री अशा काढल्या की चौथ्या दिवशी बाई वाफ्यातच बसते. आम्ही गटाच्या बैठकीत ह्यावर बोललो. ठरलं असं, की ऑपरेशन एका आठवड्यात एकाच घरी करायचं. पहिल्या तीन रात्रींतली एक रात्र गटातली दुसरी बाई येऊन काढेल, एक रात्र घरातला पुरुष किंवा थोरला मुलगा, आणि एक घरधनीण. चिंगीच्या वेळी दहावीतल्या पोरानं आपली पाळी अभ्यास करत करत काढली. पाळीचा हिशोब आम्ही वहीत लिहिला, जसा हप्त्याचा लिहितो तसा. एकीनं विचारलं, कुत्र्यासाठी एवढं? तिच्याच गोठ्यातल्या तीन शेळ्या कुणाच्या भुंकण्यानं राहिल्या, ते तिला आठवून दिलं.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, डॉक्टर तारीख देतात. आठव्या दिवशी कुत्री अगदी बरी दिसते, उड्या मारायला बघते, पण आतली जखम अजून कच्ची असते, म्हणून आखूड दोरी तारखेपर्यंत सोडायची नाही. टाके काढायला जाल तेव्हा रेबीजची लस टोचलेली नसेल तर तीही तिथंच विचारा. ह्या सगळ्यात कुणाला दात लागला तर, कुत्री आपली असली तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं.

टाके निघाल्यावर चिंगी पुढचे आठ दिवस पडवीत, जाळीच्या आत निजली. नंतर डॉक्टरांना विचारून एका रात्री तिला कांद्याच्या वाफ्यावर सोडली. परत आली ती चिखलानं भरलेली, आणि आमच्या मैत्रिणीच्या गोधडीवरच येऊन पडली.